कॉटन ग्रीनची हडळ

न्यू जर्सीत कारीट मिळत नाही. बाकी सगळं मिळतं. एडिसनच्या ओक ट्री रोडवर उटणं मिळतं, मोती साबण मिळतो, चकलीची भाजणी मिळते, पणत्या तर इतक्या प्रकारच्या मिळतात की तेल कुठे घालायचं ते शोधावं लागतं. पण कारीट मागितल्यावर दुकानातल्या मुलीने आधी कारलं दाखवलं, मग तोंडलं दाखवलं आणि शेवटी आतून मालकाला बोलावलं. मालकांनी दोन मिनिटं डोळे मिटून विचार केला आणि विचारलं, "काका, फ्रोझन चालेल?" फ्रोझन काय, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं.

आम्ही मूळचे देवगडकडचे. नरकचतुर्दशीच्या पहाटे अंघोळ झाली की तुळशीपुढे डाव्या पायाच्या अंगठ्याने कारीट फोडायचं, 'गोविंदा' म्हणून ओरडायचं आणि बोटभर कडू रस जिभेला लावायचा, त्याशिवाय आमच्यात फराळाच्या डब्याचं झाकण उघडत नाही. मुंबईत आमच्या कॉटन ग्रीनला स्टेशनबाहेर दिवाळीच्या आदल्या दिवशी टोपलीभर कारिटं घेऊन बाई बसते, त्यामुळे नरकासुराचा आमच्याकडे कधी खोळंबा झाला नाही. न्यू जर्सीत मुलाच्या गावी, प्लेन्सबरोत, मात्र प्रश्न आला. सौ. हटून बसली. "अहो, कारटं नाही तर दुसरं काहीतरी फोडा, पण फोडा."

तोडगा काढला सात वर्षांच्या नातीने. दाराबाहेरच्या पायरीवर सूनबाईने तळहातावर मावतील असे पाच-सहा नारिंगी भोपळे मांडून ठेवले होते. नातीने त्यातला एक आणून माझ्यापुढे ठेवला. दिसायला अगदी आपलं कारीट, जरा खात्यापित्या घरचं. मी देवाचं नाव घेतलं, पाय उचलला आणि चाळीत दाबतो तसा सगळा भार देऊन अंगठा दाबला.

ते भोपळे शोभेचे असतात. फुटण्यासाठी ते केलेलेच नसतात. नरकासुर जागचा हलला नाही, माझा अंगठा हलला. 'गोविंदा'तला 'गो' नीट निघाला, पुढचा 'विंदा' शेजाऱ्यांना जागं करून गेला.

तारीख होती ३१ ऑक्टोबर २०२४. सौ.ने मुंबईहून गुंडाळी करून आणलेलं कालनिर्णय स्वयंपाकघरात टांगलेलं होतं आणि त्यात त्या चौकोनात नरकचतुर्दशी होती. शेजारी सुनेचं अमेरिकन कॅलेंडर होतं, त्यात त्याच चौकोनात झाडूवर बसलेली चेटकीण होती. सकाळी नरकासुर मारायचा आणि संध्याकाळी त्याच्या नातेवाइकांना दारात उभं करून चॉकलेट वाटायची, असा त्या दिवशीचा कार्यक्रम होता.

*

आम्ही दसरा आटोपून निघालो होतो. न्यूअर्कला उतरून गाडीने प्लेन्सबरोकडे जाताना पहिल्या वळणावर मला एका घरापुढे थडगी दिसली. मग दुसऱ्या घरापुढे, तिसऱ्या घरापुढे. कुठे मातीतून हात वर आलेला, कुठे झाडाला प्रेत टांगलेलं. सौ.ने पदराआडून हात जोडले आणि मुलाला हळूच विचारलं, "अरे, साथ आलीय का?" त्यातून तो निवडणुकीचा हंगाम होता. ५ नोव्हेंबरला त्यांच्या राष्ट्राध्यक्षाचं मतदान, त्यामुळे थडग्यांच्या रांगेतच उमेदवारांच्या नावाच्या पाट्या रोवलेल्या. अमुक यांना मत द्या आणि शेजारी 'चिरशांती लाभो'. आमच्याकडेही वीस नोव्हेंबरला विधानसभेचं मतदान होतंच, पण आपल्याकडे या दोन पाट्या निकालानंतर शेजारी येतात.

मुलाच्या शेजाऱ्याने अंगणात बारा फुटांचा सांगाडा उभा केला होता. हा सांगाडा तिकडच्या एका मोठ्या हार्डवेअर दुकानाने २०२० साली बाजारात आणला आणि तेव्हापासून लोक त्याच्यासाठी रांगा लावतात, असं मुलाने सांगितलं. किंमत २९९ डॉलर. चौऱ्याऐंशीच्या भावाने मी मनात गुणाकार केला, पंचवीस हजारांच्या वर गेला. लालबागच्या शेजारी वाढलेल्या माणसाला उंच मूर्तीचं कौतुक नवं नाही, पण मला पहिली शंका आली ती विसर्जनाची. एवढा देह पुढे नेतात कुठे? कळलं ते असं, की सांगाड्याचं विसर्जन नसतं. डिसेंबरात त्यालाच लाल टोपी घालून सांताक्लॉज करतात. एकच मूर्ती बाराही महिने वेगवेगळ्या उत्सवांना चालवायची ही कल्पना आमच्या मंडळाच्या खजिनदाराला कळवायची का, यावर मी दोन रात्री विचार केला आणि नको म्हटलं. तेवढ्यावरून मारामारी व्हायची.

हॅलोवीनच्या या सणावर अमेरिकेत २०२४ साली ११.६ अब्ज डॉलर खर्च होतील, असा तिथल्या किरकोळ व्यापाऱ्यांच्या महासंघाचा अंदाज होता. आकडा मुलाने सांगितला, गुणाकार मी सोडून दिला.

सांगाड्याइतकाच मी एका दुसऱ्या गोष्टीपाशी अडकलो. ती म्हणजे कोळिष्टकं. त्या घराच्या कुंपणावर, झुडपांवर, खिडक्यांवर पांढरी कोळिष्टकं पसरलेली होती. पहिल्या दिवशी वाटलं, माणसं कामाला जातात, झाडायला वेळ मिळत नसेल. नात म्हणाली, "आजोबा, ती विकत आणतात. कॉटनची असतात."

कॉटनची म्हटल्यावर माझा हात थांबेना. मी चाळीस वर्षं कॉटन ग्रीनला एका पेढीवर सिलेक्टर म्हणून काढली. सिलेक्टर म्हणजे गाठीतून काढलेला कापसाचा नमुना हातात घेऊन त्याची जात, रंग, कचरा आणि धाग्याची लांबी सांगणारा माणूस. त्याला यंत्र लागत नाही. चिमटीएवढा पुंजका दोन्ही हातांच्या अंगठ्या-तर्जनीत धरायचा, हलके ओढून दोन करायचे, एक टाकायचा, उरलेला पुन्हा ओढायचा. असं पाच-सात वेळा केलं की आखूड तंतू गळतात आणि सरळ रेषेत विंचरल्यासारखी एक बट चिमटीत राहते. ती काळ्या कापडावर ठेवली की लांबी डोळ्यांना दिसते. शंकर-६ असला तर एकोणतीस मिलिमीटर, आणि मी अठ्ठावीस म्हणालो तर दलालाचा चेहरा उतरायचा. उत्तरेकडच्या खिडकीतल्या उजेडात बसून मी हे एवढ्या वेळा केलंय की अजूनही गादीवाला दिसला की बोटं वळवळतात.

तेव्हा मी कुंपणाशी गेलो, कोळिष्टकाचा एक पुंजका उपटला आणि ओढू लागलो. ओढतोय, ओढतोय, तंतू संपेचना! चकाकी निराळी, अंगाला पत्तीचा कण नाही, वास नाही. मी मागे वळून नातीला म्हटलं, "कापूस कसला, पॉलिएस्टर आहे शुद्ध." आणि पाहतो तर घराचा मालक कॉफीचा पेला घेऊन दारात उभा. एक अनोळखी म्हातारा सकाळी साडेसातला आपलं कोळिष्टक उपटून, उजेडाकडे धरून, नापास करतोय, हे बघून तो बिचारा गडबडला. मी म्हटलं, "सॉरी, आय वॉज इन कॉटन." त्याला काय कळलं देव जाणे. आत गेला आणि कोळिष्टकाची एक न फोडलेली पिशवी आणून त्याने माझ्या हातात दिली. गरीब घरचा समजला असावा.

खरं तर अमेरिकेचं आणि आमच्या कॉटन ग्रीनचं कापसाचं नातं फार जुनं. १८६१ मध्ये त्यांच्यात यादवी सुरू झाली, तिथला कापूस लँकेशायरला जायचा बंद झाला आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. इतका की मुंबईच्या शेटजींना पैसा कुठे ठेवावा कळेना, तेव्हा त्यांनी समुद्र बुजवायच्या कंपन्या काढल्या. १८६५ मध्ये तिकडची लढाई थांबली आणि इकडचे सगळे झोपले. त्या वेळचं कॉटन ग्रीन आमच्याकडे नव्हतं. आधी ते कोटातल्या हिरवळीवर होतं, जिथे गाठींचे डोंगर लागायचे, मग १८४४ मध्ये कुलाब्याला गेलं आणि गेल्या शतकाच्या विशीत शिवडी-माझगावच्या भरावावर आलं. नावातलं 'ग्रीन' तेवढं सोबत आलं, हिरवळ कोटातच राहिली. हे सगळं मी त्या शेजाऱ्याला सांगणार होतो, पण सूनबाईने मला दंडाला धरून घरात आणलं.

*

भोपळ्याची तऱ्हा वेगळीच. एका रविवारी आम्हाला शेतावर भोपळे तोडायला नेलं. पैसे देऊन आत जायचं, पैसे देऊन गवताच्या गाडीत बसायचं, शेतकऱ्याचे भोपळे आपण वाकून तोडायचे आणि मग ते वजनावर विकत घ्यायचे. देवगडच्या माझ्या चुलतभावाला हे फोनवर सांगितलं तर त्याने बराच वेळ काही उत्तर दिलं नाही. मग म्हणाला, "आंबे काढूक येतीत काय रे ते?"

घरी आणलेला भोपळा दहा किलोंचा तरी होता. अख्ख्या भोपळ्याला बाईमाणसाने पहिली सुरी लावायची नाही असं आमच्याकडे मानतात, म्हणून सौ.ने सुरी माझ्या हातात दिली. नात म्हणाली, "आजी, दॅट्स नॉट फेअर." सौ. म्हणाली, "फेअर नसेल, पण हात त्यांचा कापू दे." वर झाकणासारखं कापून आतला गर आणि बिया काढायच्या, मग डोळे, नाक, दात कोरायचे आणि आत दिवा ठेवायचा. हा उद्योग मूळचा आयरिश लोकांचा, आणि त्यांच्याकडे भोपळा नव्हता, ते सलगमच कोरायचे. त्यांची गोष्ट अशी की जॅक नावाचा एक महाचिक्कू माणूस होता. त्याने सैतानालाही फसवलं, त्यामुळे मेल्यावर त्याला स्वर्गातही घेईनात आणि नरकातही. तेव्हा सलगमात निखारा घालून तो अंधारात फिरत राहिला. १८४५ नंतर आयर्लंडात बटाट्याचा दुष्काळ पडला, लाखो लोक अमेरिकेला गेले आणि तिथे त्यांना सलगमपेक्षा कोरायला सोपा भोपळा सापडला. आमच्या खाडीवर अमावास्येला भुतांचे दिवे दिसतात म्हणून आजी सांगायची, त्यातलाच हा एखादा बोटीत चढलेला असणार.

गर काढून टाकायचा, हे ऐकून सौ. हबकली. तिने तो सगळा एका पातेल्यात जमा केला, बिया धुऊन वाळत घातल्या आणि घारगे करायला बसली. पण तो भोपळा कोरायच्याच जातीचा, नुसते दोरे आणि पाणी. चार वाट्या गूळ घातला तरी चव लागेना. "दिसायला एवढा आणि गुण काडीचा नाही," असं ती भोपळ्याकडे बघून म्हणाली, पण त्या वेळी मुलगा आणि मी दोघेही समोर बसलेले असल्यामुळे बोलणं नक्की कुणाला होतं ते कळलं नाही.

सणाच्या आदल्या दिवशी मुलगा म्हणाला, "बाबा, चला, ग्रोव्हर्स मिल बघून येऊ." मिल म्हटल्यावर मला वाटलं, इथेही संप झाला असणार. गिरणगावात उमेदवारी केलेल्या माणसाचं डोकं त्यापुढे जात नाही. पण ती पिठाची गिरणी निघाली, शेजारी शांत तळं आणि एक छोटी बाग. ३० ऑक्टोबर १९३८ च्या रात्री ऑर्सन वेल्स नावाच्या तेवीस वर्षांच्या पोराने रेडिओवर एक नाटक केलं, बातम्यांच्या थाटात. मंगळावरची माणसं उतरली म्हणून सांगितलं, आणि उतरायची जागा म्हणून गाव निवडलं ते हे. नाटक आहे हे ज्यांनी सुरुवातीला ऐकलं नाही त्यातले बरेच घाबरले. किती घाबरले यावर तिथले अभ्यासक अजून भांडतात. म्हणे वर्तमानपत्रांनीच पुढे ते फुगवलं. १९८८ मध्ये, पन्नास वर्षं झाली म्हणून, गावाने न आलेल्या मंगळकरांचं स्मारक उभारलं. त्यावर मायक्रोफोनपुढे वेल्स आहे, रेडिओ ऐकणारं कुटुंब आहे आणि वर मंगळाचं यंत्र.

"यात काय एवढं?" सौ. म्हणाली. "आपल्याकडे गणपती दूध प्यायला तेव्हा?" २१ सप्टेंबर १९९५. आमच्या चाळीतली वाटी-चमचा घेतलेली रांग मला आठवली. मीही त्या रांगेत होतो. आपण मात्र स्मारक बांधलं नाही.

*

खरी पंचाईत नातीच्या वेषाची झाली. तिच्या वर्गातल्या मुली राजकन्या होणार होत्या, मुलगे कोळी-माणूस. तिला वेगळं काहीतरी हवं होतं आणि चूक माझी, की मी तिला रात्री झोपताना आपली मंडळी सांगत होतो. मुंजा, वेताळ, खवीस, ब्रह्मसमंध, देवचार, वाट चुकवणारा चकवा. त्यातली हडळ तिच्या मनात भरली. "रिअली, आजोबा? पाय उलटे?" म्हटलं, हो, टाचा पुढे आणि बोटं मागे. आणि हिरवी साडी, हिरवा चुडा, केस मोकळे.

"दिवाळीच्या दिवशी हडळ?" सौ.ने देव्हाऱ्याकडे बघत विचारलं. "नवं परकर-पोलकं आणलंय मी गिरगावातून!" शेवटी तह असा झाला की सकाळी परकर-पोलकं आणि संध्याकाळी हडळ. सौ.ने नाराजीतच स्वतःची हिरवी सुती साडी काढली, आठ ठिकाणी टाके मारून तिला नेसवली, आणि नेसवता नेसवता हडळीच्या नाकात नथ हवी की नको यावर माझ्याशी वाद घातला. मुलाने जुन्या बुटांचे पुढचे भाग कापून टाचांना चिकटवले. पोर अशी झाली की येतेय की जातेय ते कळेना.

साडेपाचला मी तिच्याबरोबर निघालो. अंगठ्यावर हळदीचा लेप, त्यावर फडकं, त्यामुळे चप्पल फक्त उजव्या पायात. अंगात पांढरा लेंगा आणि सदरा. त्या ऑक्टोबरात न्यू जर्सीत पावसाचा थेंब पडला नव्हता म्हटलं तरी चालेल. नोंदी ठेवायला लागल्यापासूनचा तो सर्वांत कोरडा महिना ठरला, आणि ३१ तारखेला तर उन्हाने उच्चांक मोडला. ऑक्टोबर हीट आम्हीच बॅगेतून आणली असं सूनबाईचं म्हणणं.

रस्ताभर भुतं. पण किती शिस्तीची! फुटपाथवरून चालतात, रस्ता ओलांडताना दोन्हीकडे बघतात, चॉकलेट घेतलं की थँक्यू म्हणतात. 'ट्रिक ऑर ट्रीट' म्हणजे गोड द्या नाहीतर खोडी काढू, ही धमकी आहे, पण असल्या आवाजात की आमच्याकडे गणपतीची वर्गणी मागायला हा आवाज घेऊन गेलं तर पावतीपुस्तक कोरं परत येईल. आपल्या कोकणात शिमग्याला सोंगं घेऊन दारोदार पोस्त मागायला येतात, त्यातला संकासूर अंगणात नुसता उभा राहिला तरी घरातली पोरं माळ्यावर जातात. इथे माझ्यापुढून एक सैतान गेला, त्याने आईचं बोट धरलं होतं आणि त्याला शू आली होती.

नियम एकच, आणि तो मला सूनबाईने निघताना समजावला. ज्या घराच्या दारावरचा दिवा चालू, तिथे जायचं. बंद असला तर घंटी वाजवायची नाही, त्यांना नको आहे. एका घराच्या पायरीवर निळसर हिरव्या रंगाचा भोपळा होता. तिथे खाण्याऐवजी पेन्सिली आणि चिकटचित्रं मिळतात, ज्या मुलांना शेंगदाणे वगैरे सोसत नाहीत त्यांच्यासाठी. ही सोय मला फार आवडली. आमच्या लहानपणी कुणाला काय सोसत नाही हे खाऊन झाल्यावरच कळायचं.

सातव्या की आठव्या घरी एक उंच, पिकल्या केसांचे गृहस्थ बाहेर आले. नातीला म्हणाले, "अँड व्हॉट आर यू?" तिने सांगितलं, हडळ. पाय दाखवले. ते खूश. मग माझ्याकडे वळले. लेंगा बघितला, पिवळं फडकं बघितलं, लंगडणं तर त्यांनी मी येतानाच बघितलं होतं. "अँड व्हॉट आर यू, सर?"

अडुसष्टाव्या वर्षी परक्याच्या दारात असा प्रश्न आला की माणूस गोंधळतो. मला वाटलं, कुठले म्हणून विचारतायत. मी म्हटलं, "कॉटन ग्रीन."

त्यांनी नातीच्या साडीचा पदर बोटांत धरून पाहिला. हिरवा, सुती. "यस," ते मान हलवत म्हणाले, "आय सी इट." आणि दोघांच्याही पिशव्यांत, मला पिशवी नव्हती म्हणून सदऱ्याच्या खिशात, मूठ-मूठ चॉकलेट घातली. पुढच्या चार घरी "ग्रेट झॉम्बी" अशी माझी तारीफ झाली. चाळीस वर्षं प्रतवारी करून मला कुणी असं म्हटलं नव्हतं.

*

घरी आलो तर दारात वेगळंच रामायण. सौ.ने पायरीवर रांगोळी काढून पणत्या लावल्या होत्या, आणि कोरड्या पानांचा धसका घेतलेल्या चिरंजीवांनी प्रत्येक दोन पणत्यांमागे एक बादली पाणी ठेवलं होतं. वर आकाशकंदील. पोरं रांगोळी बघून थांबत, ती हॅलोवीनचीच सजावट समजून फोटो काढत. पावणेआठला चॉकलेट संपली. सूनबाई म्हणाली, "चला, आता दिवा बंद करू या."

"दिवाळीत दारातला दिवा बंद?" सौ.चा आवाज चढला. "तेही आजच्या दिवशी? यमाला दाखवायचा असतो गं दिवा!"

"आई, पण दिवा असला की मुलं येतच राहणार."

"येऊ देत की."

आल्यागेल्याला द्यायचं काय? फराळ होता, डबे भरून होता. पण तिकडे घरी केलेलं, कागदात न बांधलेलं पोरांना देत नाहीत, आईबाप पिशवी तपासून फेकून देतात. सूनबाईने हे सांगितल्यावर सौ.ने स्वतःच्या बेसनाच्या लाडवाकडे ज्या नजरेने पाहिलं, ती नजर मी फक्त आमच्या लग्नात माझ्या मामांनी जेवण नाकारलं तेव्हा पाहिली होती. मग मला माझी बॅग आठवली. तोंडात टाकायला मी मुंबईहून पान पसंदच्या गोळ्यांचं मोठं पाकीट नेलं होतं. नाशिक जिल्ह्यातल्या रावळगावची गोळी, प्रत्येक गोळी कागदात बंद, कारखान्याची. नियमात चोख बसत होती.

त्या रात्री प्लेन्सबरोच्या निदान पस्तीस भुतांनी विड्याच्या पानाची चव घेतली. एक छोटा कंकाल पाच मिनिटांनी परत आला आणि त्याने फार सभ्यपणे विचारलं, हे औषध आहे का? एक चेटकीण मात्र तीनदा आली.

आणि फराळ? तो आईबापांनी खाल्ला. गल्लीत तेलुगू होते, गुजराती होते, एक चिनी जोडपं होतं. पोरांना पुढे पाठवून तीन तास मागे उभे राहिलेले, भुकेले. सौ.ने एकाच्या हातात चकली दिली, तिचा आवाज ऐकून दुसरा आला. कोळिष्टकवाला शेजारीही आला. त्याने चकली उलटसुलट बघितली, बोटाने काटे चाचपले, उजेडाकडे धरली, आणि मला म्हणाला, "कॉटन?"

म्हटलं, पास.

रात्री नातीने गालिच्यावर सगळी मिळकत ओतली. आम्ही दोघांनी प्रतवारी केली. शेंगदाण्याची एका बाजूला, आंबट एका बाजूला, आणि पिवळा-केशरी-पांढरा पट्टा असलेली ती मक्याच्या दाण्यासारखी गोळी, जिला तिथली मुलंसुद्धा हात लावत नाहीत, ती कचऱ्यात. खूप वर्षांनी समोर माल होता.

झोपताना तिने विचारलं, "आजोबा, त्या भुतांना नंतर काय पाहिजे असतं?"

"कुठल्या?"

"इथल्या."

मी विचार केला. आमच्या मुंजाची मुंज झालेली असते पण लग्न राहिलेलं असतं. हडळीचं बाळंतपण अर्धवट राहिलेलं असतं. ब्रह्मसमंधाचं कुणाकडे तरी काहीतरी येणं असतं. प्रत्येकाचा पत्ता असतो, हे पिंपळाचं झाड, तो विहिरीचा काठ. म्हणून तर त्यांना नारळ द्यावा लागतो. आणि लहानपणी शिवडीच्या ख्रिश्चन स्मशानात २ नोव्हेंबरला मेणबत्त्या घेऊन जाणारी आमच्या मागच्या इमारतीतली माणसं मला दिसायची. हॅलोवीन हा त्याच दिवसांचा उंबरठा, पहिल्या तारखेला त्यांचे संत आणि दुसऱ्या तारखेला सगळे आपले गेलेले. त्या सकाळी झेंडूचा भाव वाढायचा, आणि तिथे कुणी कुणाला घाबरवत नसे, फक्त थडगी पुसत.

"चॉकलेट," मी म्हटलं. ती केव्हाच झोपली होती. उलटे बूट पलंगाखाली, दाराकडे तोंड करून.

*

माझ्या अंगठ्याचं नख आधी निळं झालं, मग काळं, आणि मार्चात होळीच्या आठवड्यात कॉटन ग्रीनला आमच्या खोलीत गळून पडलं. त्याच संध्याकाळी गॅलरीत पावलं वाजली. पावतीपुस्तक हातात असलं की पोरांची पावलं वेगळी वाजतात. मी चपळाईने उठलो, दारावरचा दिवा बंद केला आणि खुर्चीत गप्प बसून राहिलो. अमेरिकेत एवढं पुरतं.

पावलं दाराशी थांबली.

"काकांचा बल्ब गेला रे. स्टूल आण."

"नवा आणू का खालून?"

"आधी होल्डर बघू दे."

कुणीतरी स्टुलावर चढला. दुसऱ्याने उघड्या दारातून आत हात घालून बटण चाचपलं आणि दाबलं. लख्ख उजेड पडला, स्टुलावरचा डोळे चोळत खाली उतरला.

"काका, बटणच बंद होतं की! अंधारात काय बसलाय? आणि पायाला काय झालं?"

पावती पाचशे एकची फाडली. बल्ब बघितल्याचे वेगळे घेतले नाहीत.